पानावरचे लक्षण, मुळाशी कारण
कुंडीतील अॅव्होकाडो : पानांच्या विकारांचे निदान आणि उपचार

हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या तराई भागात १९६० च्या दशकात भातपिकावर ‘खैरा’ नावाचा रोग मोठ्या प्रमाणावर आढळू लागला. रोपांची वाढ खुंटे आणि पानांवर काताच्या रंगाचे तपकिरी डाग पडत. त्यावरूनच रोगाला हे नाव मिळाले. पंतनगर कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञ वाय. एल. नेने यांनी १९६६ साली असे दाखवून दिले की, या ‘रोगा’मागे बुरशी, जिवाणू किंवा विषाणू यांपैकी काहीही नसून जमिनीतील जस्ताची कमतरता हे त्याचे कारण आहे. झिंक सल्फेट व चुना यांच्या फवारणीने पीक सुधारले. वनस्पतीच्या पानावर दिसते ते केवळ लक्षण असते. त्याचे कारण जमिनीत, पाण्यात, हवेत किंवा मुळांत असू शकते, हा धडा भारतीय कृषिविज्ञानाला या उदाहरणातून मिळाला.

हाच धडा लहान प्रमाणावर, पण अतिशय स्पष्टपणे शिकवणारी वनस्पती म्हणजे कुंडीत वाढणारा अॅव्होकाडो. गेल्या काही वर्षांत देशातील शहरांत गच्चीवर व सज्जात हे झाड लावण्याची आवड वाढली आहे. काही महिन्यांतच त्याच्या पानांची टोके करपतात, पाने पिवळी पडतात किंवा झाड मलूल होते. अशा वेळी बहुधा प्रथम खत घातले जाते, मग पाणी वाढवले जाते आणि शेवटी एखादे औषध फवारले जाते. या तिन्ही उपायांनी रोग बळावण्याचीच शक्यता अधिक असते. प्रस्तुत लेखात या झाडाच्या पानांवरील लक्षणांचे पद्धतशीर निदान, त्यामागील वनस्पतिशास्त्रीय कारणे आणि उपचारांचा योग्य क्रम यांचा विचार केला आहे.

अॅव्होकाडो : परिचय

अॅव्होकाडोचे शास्त्रीय नाव पर्सिया अमेरिकाना असून ते लॉरेसी कुळातील सदाहरित झाड आहे. दालचिनी आणि तमालपत्र याच कुळातील. मेक्सिको व मध्य अमेरिका ही त्याची मायभूमी होय. त्याचे तीन प्रमुख वंश मानले जातात : मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि वेस्ट इंडियन. मेक्सिकन वंश थंडी सर्वाधिक सहन करतो, पण क्षार सर्वांत कमी. वेस्ट इंडियन वंशाची स्थिती नेमकी उलट आहे. व्यापारात जगभर गाजलेल्या ‘हास’ या जातीला कॅलिफोर्नियात १९३५ साली पेटंट मिळाले होते.

भारतात हे झाड विसाव्या शतकाच्या प्रारंभी श्रीलंकेमार्गे आले. कर्नाटकातील कोडगू, तामिळनाडूतील निलगिरी व पळणीच्या टेकड्या, केरळातील वायनाड आणि सिक्कीम येथे त्याची लागवड होते. दक्षिणेत ते ‘बटर फ्रूट’ या नावाने ओळखले जाते व कॉफीच्या मळ्यांतून मिश्रपीक म्हणूनही आढळते. भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या कोडगू जिल्ह्यातील चेट्टळ्ळी केंद्राने ‘अर्का सुप्रीम’ व ‘अर्का कूर्ग रवी’ या जाती दिल्या आहेत, तर तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या तडियनकुडिसै येथील केंद्राने ‘टीकेडी-१’ ही जात दिली आहे. हे सर्व प्रदेश भरपूर पाऊस, आम्लधर्मी व सेंद्रिय द्रव्याने समृद्ध जमीन आणि उत्तम निचरा यांसाठी प्रसिद्ध आहेत. झाडाच्या गरजा कोणत्या, याचे उत्तर या भूगोलातच दडलेले आहे.

मुळांची रचना आणि कुंडीची मर्यादा

अॅव्होकाडोच्या पानांचे विकार समजण्यासाठी प्रथम मुळांकडे पाहावे लागते. या झाडाची अन्न शोषणारी मुळे उथळ असतात व जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात. बहुतेक वनस्पतींच्या मुळांवर जे सूक्ष्म मूलरोम असतात, ते या झाडाला जवळजवळ नसतात. त्यामुळे पाणी व अन्नद्रव्ये शोषून घेण्याची त्याची क्षमता मर्यादित राहते. शिवाय या मुळांना प्राणवायूची गरज मोठी असते. पानगळीने साचलेल्या भुसभुशीत थरात वाढणाऱ्या वनवृक्षाची ही ठेवण आहे.

कुंडीत या झाडाची अडचण तीन प्रकारे वाढते. पहिली बाब म्हणजे माती थोडी असल्याने ती लवकर कोरडी पडते, तापते आणि चिंबही होते. दुसरी बाब म्हणजे पाण्याबरोबर आलेले क्षार खोल झिरपून जाण्यास जागा नसते. पाणी पानांवाटे बाष्परूपाने उडून जाते, क्षार मात्र कुंडीतच राहतात. तिसरी बाब मातीच्या प्रकाराची आहे. दख्खनच्या पठारावरील काळी माती पाणी धरून ठेवते, ओली असता फुगते, अनेक ठिकाणी चुनखडीयुक्त असते आणि तिचा सामू ७.५ च्या वर जातो. अॅव्होकाडोला ५.५ ते ६.५ सामूची, पाण्याचा त्वरित निचरा होणारी माती लागते. म्हणून महाराष्ट्रातील शेतासाठी वरदान ठरलेली ही माती या झाडाच्या कुंडीत तशीच भरणे हितावह नसते.

निदानाचे चार प्रश्न

पानांचा विकार दिसताच औषधाच्या बाटलीकडे वळण्यापूर्वी पुढील चार प्रश्नांची उत्तरे क्रमाने शोधावीत.

१. लक्षण कोणत्या पानांवर आहे, जुन्या की नव्या?
२. लक्षणाची आकृती कोणती आहे? टोक, कडा, शिरांमधील भाग, की विखुरलेले ठिपके?
३. माती बोटभर खोलीवर कोरडी आहे, ओलसर आहे की चिंब?
४. मुळे कशी आहेत? मलईसारखी पांढरट व लवचीक, की काळी व ठिसूळ?

यांपैकी पहिला प्रश्न वनस्पतिपोषणातील एका महत्त्वाच्या तत्त्वाशी निगडित आहे. नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये वनस्पतीच्या शरीरात चल असतात. तुटवडा पडला की वनस्पती ती जुन्या पानांतून काढून नव्या पालवीकडे पाठवते. त्यामुळे त्यांच्या कमतरतेची लक्षणे प्रथम जुन्या, खालच्या पानांवर दिसतात. याउलट कॅल्शियम, लोह, बोरॉन ही द्रव्ये एकदा पानात स्थिरावली की सहजासहजी हलत नाहीत. जस्त, मंगल, तांबे व गंधक यांची हालचालही मर्यादितच असते. यांच्या कमतरतेची लक्षणे मुख्यतः नव्या पानांवर प्रकट होतात. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने हे वर्गीकरण लक्षात ठेवण्याजोगे आहेच. प्रत्यक्ष निदानातही ते निम्मे काम करते.

तपकिरी टोके : क्षारांचा प्रश्न

कुंडीतील अॅव्होकाडोचा सर्वांत सामान्य विकार म्हणजे जुन्या पानांची टोके तपकिरी होणे. करपलेला भाग टोकापासून कडेने मागे सरकतो, हिरवा व तपकिरी भाग यांमधील सीमारेषा ठळक असते आणि शेवटी पान गळते. याचे सर्वांत संभाव्य कारण पाण्यातील क्लोराइड होय. मुळांनी शोषलेले क्लोराइड पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानाच्या टोकापर्यंत जाते. तेथे पाणी उडून जाते आणि क्लोराइड साठत राहते. जुन्या पानाला साठवणुकीस अधिक काळ मिळालेला असतो, म्हणून इजा तेथे प्रथम दिसते.

अॅव्होकाडो हे क्षारांना सर्वांत संवेदनशील अशा फळझाडांपैकी एक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ साली सिंचनाच्या पाण्याविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार, मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता १.३ डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या पुढे गेली की अॅव्होकाडोचे उत्पादन घटू लागते. खजुरासाठी हीच मर्यादा ४ आहे. पाण्याच्या बाबतीत अॅव्होकाडोची मर्यादा ०.९ आहे. एक डेसिसिमेन्स म्हणजे ढोबळमानाने लिटरला ६४० मिलिग्रॅम विद्राव्य क्षार असे गणित धरल्यास, ही मर्यादा लिटरला सुमारे ५७६ मिलिग्रॅम येते.

आता या आकड्याची तुलना पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी करून पाहावी. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकात (२०१२) एकूण विद्राव्य क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पर्यायी स्रोत नसल्यास २,००० मिलिग्रॅमपर्यंत अनुमती आहे. क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे. अॅव्होकाडोच्या मेक्सिकन खुंटावरील कलमांना मात्र पाण्यातील सुमारे ११७ मिलिग्रॅम आणि क्षारसहिष्णू वेस्ट इंडियन खुंटावरील कलमांना सुमारे १७७ मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंतच पानांना इजा न होता तग धरता येतो. म्हणजेच माणसाला पिण्यास योग्य असलेले पाणी या झाडाला अयोग्य असू शकते. कूपनलिकेच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या शहरी कुंड्यांतील करपलेल्या टोकांचा उलगडा बहुतांशी येथे होतो.

साठवणुकीचा वेगही ध्यानात घ्यावा. लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी आठवड्याला ५ लिटर दिले, तर दर आठवड्याला २.५ ग्रॅम क्षार कुंडीत येतात. तळातून पाणी बाहेर पडलेच नाही, तर वर्षभरात हा भार १३० ग्रॅमपर्यंत जातो. घरगुती आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये, या चांगल्या हेतूने ते कुंड्यांना घातले जाते. परंतु मूळ पाण्यातील क्षार याच पाण्यात एकवटलेले असतात. ते लादी पुसण्यास वापरावे, अॅव्होकाडोस देऊ नये. पाणी मृदू करणाऱ्या यंत्रात कॅल्शियमच्या जागी सोडियम येत असल्याने तेही पाणी टाळावे. पावसाचे साठवलेले पाणी या झाडासाठी सर्वोत्तम होय.

येथे निदानातील एक मोठा धोका नमूद करणे आवश्यक आहे. पालाशाच्या कमतरतेतही जुन्या पानांच्या कडा करपतात. दोन्ही लक्षणांतील साम्यामुळे क्षारबाधा झालेल्या झाडास पालाशयुक्त खत दिले जाते आणि बाजारात सहज मिळणारे असे खत म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश. हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड असून त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग क्लोराइडचा असतो. ज्या द्रव्याने झाड आजारी पडले, तेच द्रव्य अशा रीतीने औषध म्हणून दिले जाते. पालाश देणे खरोखर आवश्यक असेल, तर सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे आणि तेही क्षार धुऊन काढल्यानंतर.

क्षारबाधेवरील उपाय सोपा व बिनखर्चाचा आहे. कुंडीच्या आकारमानाच्या दोन ते तीन पट कमी क्षारांचे पाणी सावकाश ओतून ते तळातील छिद्रांवाटे पूर्णपणे वाहून जाऊ द्यावे. त्यानंतर दर खेपेस थोडे थोडे शिंपडण्याऐवजी माती पुरती भिजून दहा ते वीस टक्के पाणी तळातून बाहेर येईल इतके पाणी द्यावे. कुंडीखालील बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. छिद्रे बुजलेली असतील, तर ती आधी मोकळी करावीत. निचरा नसताना केलेली धुलाई मुळांना गुदमरवते.

पिवळी पाने : अन्नद्रव्यांची भाषा

सर्व पान एकसारखे फिकट होत असेल आणि सुरुवात जुन्या पानांपासून झाली असेल, तर नत्राची कमतरता संभवते. जुन्या पानांच्या शिरांमधील भाग पिवळा आणि शिरांलगतचा भाग हिरवा असेल, तर मॅग्नेशियमचा संशय घ्यावा.

नव्या पालवीत शिरांचे हिरवे जाळे आणि उरलेले पान पिवळे, प्रसंगी पांढरट दिसत असेल, तर ती लोहाची कमतरता होय. शेतकरी यालाच ‘केवडा पडणे’ म्हणतात. येथेही मातीत लोह नसते असे क्वचितच घडते. चुनखडीयुक्त, विम्लधर्मी मातीत ते अविद्राव्य रूपात अडकलेले असते. सामू एका एककाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. माती सतत चिंब राहिल्यास मुळांची क्रिया मंदावते व केवडा अधिक वाढतो. अशा मातीत घातलेले फेरस सल्फेट थोड्याच काळात अविद्राव्य होते. म्हणून ई-डी-डी-एच-ए प्रकारचे लोहाचे चिलेट मातीतून देणे परिणामकारक ठरते. दीर्घकालीन उपाय म्हणजे कंपोस्ट मिसळलेली, चुनखडीविरहित माती आणि पाण्याची बेताची पाळी.

पाने लहान व अरुंद राहणे, शिरांमध्ये पिवळे चट्टे पडणे आणि शेंड्याशी पानांचा झुपका तयार होणे ही जस्ताच्या कमतरतेची लक्षणे होत. भारतीय जमिनींत सूक्ष्म अन्नद्रव्यांपैकी सर्वाधिक कमतरता जस्ताचीच आढळते. अॅव्होकाडोच्या पानावर फवारलेले जस्त त्या पानापलीकडे फारसे जात नाही, त्यामुळे झिंक सल्फेट मातीतून देणे अधिक लाभदायक ठरते.

वनस्पतीची वाढ सर्वांत तुटपुंज्या घटकाने मर्यादित होते, हा ‘न्यूनतमाचा नियम’ कार्ल स्प्रेंगेल यांनी १८२८ साली मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० नंतर तो लोकप्रिय केला. ज्या झाडाला जस्त हवे आहे त्यास नत्र अधिक दिल्याने ते सुधारत नाही, असा या नियमाचा व्यावहारिक अर्थ आहे.

ओल्या मातीत मलूल झाड : मूळकूज

माती कोरडी असताना पाने लोंबली, तर ती तहान होय. पाणी देताच झाड टवटवीत होते. परंतु माती ओली असूनही पाने मलूल, लहान व फिकट दिसत असतील, नवी पालवी येत नसेल आणि शेंड्याकडून फांद्या वाळत असतील, तर प्रकरण गंभीर आहे. मुळे कुजल्याने झाडाला पाणी उचलता येत नाही. म्हणजे पाण्यात उभे असलेले झाड तहानेने मरत असते. हे न ओळखता पाणी वाढवणे हीच या झाडाच्या मृत्यूची नेहमीची वाट आहे.

या मूळकुजीस जबाबदार असलेला मुख्य रोगकारक म्हणजे फायटोप्थोरा सिनामोमी. आर. डी. रँड्स यांनी १९२२ साली सुमात्रातील दालचिनीच्या झाडांवरून त्याचे वर्णन केले, म्हणून त्याच्या नावात दालचिनीचा निर्देश आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक उद्ध्वस्त करणारा रोगकारक याच प्रजातीसमूहातील. दिसायला बुरशीसारखा असला, तरी हा जीव खऱ्या बुरशींत मोडत नाही. तो ऊमायसीट गटातील आहे. त्याच्या पेशीभित्तिकेत प्रामुख्याने सेल्युलोज असते, तर खऱ्या बुरशींत कायटिन असते. त्याचे चलबीजाणू मातीतील पाण्याच्या पातळ थरातून पोहत मुळांपर्यंत जातात. साचलेले पाणी हे त्यांचे वाहन होय.

उपचारात पाणी आवरणे प्रथम येते. झाड हलक्या हाताने कुंडीतून काढून काळी, ठिसूळ मुळे स्वच्छ कात्रीने काढून टाकावीत. जुनी माती पुन्हा वापरू नये. नारळाचा भुसा, कंपोस्ट, जाड वाळू किंवा परलाइट यांचे सच्छिद्र मिश्रण वापरावे. मुळे कमी झालेली असल्याने शेंडाही त्या प्रमाणात छाटावा आणि झाड काही आठवडे विरळ सावलीत ठेवावे. रासायनिक उपायांत पोटॅशियम फॉस्फोनेट, फोसेटिल व मेटॅलॅक्झिल ही द्रव्ये या गटावर उपयोगी पडतात. बुरशींवरील अनेक नेहमीची औषधे येथे निष्प्रभ ठरतात. निम्म्याहून अधिक मुळे गेलेले झाड मात्र क्वचितच वाचते. म्हणून रोगमुक्त रोपवाटिकेतील, सहनशील खुंटावरील कलम विकत घेणे हाच खरा प्रतिबंध होय.

ठिपके, जाळी आणि चिकटपणा

पानांवर बारीक फिकट ठिपके व मागील बाजूस तलम जाळी दिसल्यास तो कोळी किडीचा प्रादुर्भाव असतो. कोरड्या, बंदिस्त जागेत तो वाढतो. चिकट स्राव व त्यावर काजळीसारखा काळा थर दिसल्यास पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधावी. काळा थर हा किडीचा परिणाम आहे, तो मूळ रोग नाही. पानांची मागील बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणे, बाधित पाने काढणे आणि संध्याकाळच्या वेळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करणे हे प्राथमिक उपाय बहुधा पुरेसे होतात.

पावसाळ्यात पिवळ्या वलयासह कोनाकृती तपकिरी ठिपके किंवा करप्याचे डाग दिसल्यास ते बुरशीजन्य असू शकतात. तेथे गळलेली पाने गोळा करून नष्ट करावीत व हवा खेळती ठेवावी. आवश्यक वाटल्यास एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद व एक किलो चुना या प्रमाणात फवारावे. हे मिश्रण फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी १८८५ साली जगापुढे आणले. कोणतेही कीटकनाशक किंवा बुरशीनाशक लेबलावरील सूचनांबाहेर वापरू नये. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाने नोंदणी व लेबल यांची सक्ती केली, ती याच कारणासाठी.

जे रोग नाहीत

अॅव्होकाडोची कोवळी पालवी तांबूस असते. ते रंगद्रव्यामुळे होते व पान पक्व होताना नाहीसे होते. फुलोऱ्याच्या सुमारास जुनी पाने पिवळी पडून गळणेही नैसर्गिक आहे. घरातून एकदम कडक उन्हात नेलेल्या झाडाच्या उन्हाकडील पानांवर मोठे, कोरडे, भुरकट चट्टे पडतात. तो सूर्यदाह असून झाड एक ते दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उन्हास सरावल्यास तो टळतो. छाटलेली पाने मात्र शेळ्या किंवा गुरांना घालू नयेत. त्यांतील पर्सिन हे द्रव्य प्राण्यांना व पक्ष्यांना विषारी असते.

उपचारांचा क्रम व सुधारणेची खूण

आधी निचरा, मग पाण्याची प्रत व पाळी, त्यानंतर माती, मग अन्नद्रव्ये आणि सर्वांत शेवटी औषध असा क्रम पाळावा. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही. आजारी मुळांच्या झाडास खत देऊ नये. करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, म्हणून सुधारणा जुन्या पानांवर शोधू नये. पुढील पालवी निरोगी आली, म्हणजे उपचार लागू पडला. अर्धे हिरवे असलेले पान अन्ननिर्मिती करीत असते, ते शोभेसाठी तोडू नये.

उजळणीसाठी तक्ता

जुन्या पानांची टोके तपकिरी – क्षारबाधा – धुलाई व निचरा
जुनी पाने सर्वत्र फिकट – नत्र – पालवीच्या हंगामात खताचे लहान हप्ते
जुन्या पानांच्या शिरांमध्ये पिवळेपणा – मॅग्नेशियम – मॅग्नेशियम सल्फेट
नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या – लोह – सामू सुधारणे, चिलेट
पाने लहान, शेंड्याशी झुपका – जस्त – मातीतून झिंक सल्फेट
माती ओली, झाड मलूल – मूळकूज – पाणी थांबवणे, मुळांची तपासणी

कुंडीपासून धोरणापर्यंत

कुंडीतील या निदानाचे तत्त्व देशाच्या कृषिधोरणातही दिसते. राजस्थानातील सूरतगढ येथे १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बारा घटकांची तपासणी ठरवण्यात आली : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता व सेंद्रिय कर्ब. यांपैकी जस्त, लोह, सामू व विद्युत वाहकता हेच अॅव्होकाडोच्या पानांवरील बहुतेक कोड्यांचे उत्तर होय. अंदाजाने खत देण्याऐवजी तपासणीनंतर खत देणे हा या योजनेचा गाभा आहे. पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे स्थापन झाले. त्यानंतर देशभर उभारलेल्या अशा केंद्रांचा निदानाच्या कामी मोठा आधार आहे.

दुसरा दुवा वनस्पती संगरोधाचा आहे. मूळ आशियातील एका सूक्ष्म भुंगेऱ्याचा अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २००२ साली शोध लागला. त्याच्याबरोबर आलेल्या बुरशीने लॉरेसी कुळातील जंगली वृक्ष मोठ्या संख्येने मारले व पुढे फ्लोरिडातील अॅव्होकाडोच्या बागांनाही ग्रासले. परदेशातून आणलेले एखादे कलम, बी किंवा चिमूटभर माती संपूर्ण प्रदेशाच्या बागायतीस धोका पोचवू शकते. १९१४ च्या अधिनियमाखाली काढलेल्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशामागे हीच जाणीव आहे. दालचिनी, तमालपत्र आणि अॅव्होकाडो एकाच कुळातील असल्याने कोडगू, वायनाड व ईशान्य भारत यांच्या दृष्टीने या सावधगिरीस विशेष महत्त्व आहे.

भारतात अॅव्होकाडोची मागणी वाढत असून अनेक शेतकरी महागडी कलमे घेऊन नव्या प्रदेशांत लागवडीचा विचार करीत आहेत. अशा शेतकऱ्याने लागवडीपूर्वी पाण्यातील क्लोराइड, मातीचा सामू व निचरा यांची तपासणी केली, तर काही वर्षांचे श्रम व भांडवल वाचू शकते. पान झाडाची तक्रार सांगते. ती तक्रार मुळापर्यंत, मातीपर्यंत आणि पाण्यापर्यंत नेऊन तपासणे हे निदान करणाऱ्याचे काम होय.

सरावासाठी प्रश्न

१. वनस्पतीतील चल व अचल अन्नद्रव्ये म्हणजे काय? कमतरतेच्या लक्षणांवरून ती कशी ओळखाल?
२. चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही पिकावर केवडा का पडतो?
३. ‘पिण्यास योग्य पाणी सिंचनास योग्य असतेच असे नाही.’ अॅव्होकाडोच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. मृदा आरोग्य पत्रिकेतील बारा घटक सांगून खतांच्या संतुलित वापरातील त्यांचे महत्त्व विशद करा.